रांगेबाहेरची दुपार

टपालाची पिशवी वाटणे हे तुकडीच्या पहिल्या सार्जंटचे काम, म्हणून आईचे अक्षर लायमन प्रॅटच्या हाती आधी पडले. तेच उजवीकडे कललेले, मोजून शाई वापरणारे अक्षर. पाकिटावर नाव मात्र त्याचे नव्हते. ऑरिन डनहॅमचे होते.

त्याने ते पाकीट इतर पाकिटांसारखेच पुकारले, ऑरिनच्या हातात दिले आणि पुढचे नाव घेतले. त्या दिवशी लायमनला पत्र नव्हते.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, रॅपाहॅनॉक नदीच्या काठावर, व्हर्जिनियाच्या तांबड्या चिखलात, न्यू हॅम्पशायरच्या स्वयंसेवकांची ही पलटण हिवाळ्यापुरती मुक्कामाला होती. ओंडक्यांच्या झोपड्या, वर तंबूचे कापड, धुराड्यांच्या जागी बूड काढलेली पिंपे. ती पिंपे ऑरिननेच बसवली होती. गावी तो पिंपे करणारा कारागीर होता, आणि त्याने बसवलेल्या धुराड्याला आग लागत नाही असे सगळे म्हणत. तोच कुणाचे बूट सांधून देई, कुणाचे केस कापी. त्याच्या झोपडीभोवती संध्याकाळी माणसे अशी गोळा होत, जशी थंडीत गुरे एकमेकांच्या कुशीला लागतात. लायमनच्या झोपडीत माणसे येत ती कामासाठी, आणि टोपी हातात घेऊन.

डिसेंबरातल्या लढाईत, शत्रू जिच्याआड दडला होता त्या दगडी भिंतीसमोर, त्यांचा लेफ्टनंट पडला होता. रिकाम्या जागेसाठी तुकडीने आपला माणूस आपणच निवडायचा आणि ते नाव राज्यपालाकडे जायचे, ही स्वयंसेवकांची जुनी चाल त्यांच्या कर्नलने राखली होती. शनिवारी कवायतीच्या मैदानात उमेदवार उभे राहणार, आणि ज्याला जो हवा त्याच्या पाठीमागे तो जाऊन उभा राहणार. उमेदवार दोनच होते.

लायमनला ती जागा हवी होती. दोन वर्षे पहाटे त्यानेच हजेरी घेतली होती. कुणाच्या काडतुसांना ओल लागली, कुणाच्या पायाला फोड आला, सगळे त्याला तोंडपाठ होते. म्हातारा शिपाई एमॉस टटल म्हणे, "हा लायमन मेला ना, तर स्वर्गाच्या दारात आधी देवदूतांची हजेरी घेईल, मग आत पाऊल टाकेल." माणसे हसत. लायमनलाही ते ऐकू येई. ऑरिनबद्दलच्या विनोदांत एक ऊब असते, ती या विनोदात नाही, हे त्याला कळे.

पण जागा ही वरवरची गोष्ट होती. खालचे दुखणे त्या दुपारचे होते.

भिंतीपुढच्या उतारावर जाण्याआधी कॅप्टन होल्ब्रुकने हुकूम वाचून दाखवला होता. जखमींना उचलायला पलटणीच्या वाद्यवृंदातले बँडवाले येतील. जो जखमींसाठी रांग सोडेल तो पळपुटा समजला जाईल. पहिल्या सार्जंटने रांगेच्या मागे राहायचे आणि सुटणाऱ्याला पुन्हा जागेवर लोटायचे. लायमन तेच करत होता, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ थेरॉन डावीकडे दहा पावलांवर कोसळला. एकोणीस वर्षांचा. धुरात त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज आला. त्याने हाक मारली ती ऑरिनला.

लायमन जागचा हलला नाही. हुकूम होता म्हणून, की त्या हाकेत त्याचे नाव नव्हते म्हणून, हे त्याने स्वतःलाही विचारले नव्हते. ऑरिन उठला, पोराला खांद्यावर घेतले आणि उतारावरून मागच्या एका विटांच्या घराकडे वाकत वाकत निघून गेला. त्याला अडवणे हे लायमनचे काम होते. तेही त्याने केले नाही. बाकी सगळे तोंड मातीत खुपसून पडले होते. कुणी पाहिले नाही. अंधार पडताना ऑरिन परत आला, बाह्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. त्या संध्याकाळी लायमनने नावे पुकारली आणि डनहॅमपुढे 'हजर' लिहिले. पुढे सगळे धरून चालले की थेरॉनला बँडवाल्यांनी नेले.

त्यानंतर दोनदा ऑरिन त्याच्या दाराशी आला होता, थेरॉनबद्दल थोडे बोलायचे आहे म्हणून. दोन्ही वेळा लायमनने वर न पाहता, कामाचे असेल तर बोल, असे सांगितले होते. भावाचे शेवटचे तास दुसऱ्याच्या खिशात असावेत, आणि त्याने ते आपल्याला उदार होऊन द्यायला यावे, हे त्याला सोसत नव्हते. बहुधा ऑरिननेच घरी कळवले असावे, आणि आता आईनेही त्यालाच लिहिले होते.

शनिवारी ऊन पडले होते, फिकट, पातळ केलेल्या दुधासारखे. अडतीस माणसे चिखलात उभी राहिली. रांगा लावण्याआधी उमेदवारांना कुणीही प्रश्न विचारावा, अशी रीत होती. एमॉसने विचारले की डनहॅम लेफ्टनंट झाला तर केस फुकट कापणार की अधिकाऱ्याच्या दराने. ऑरिन म्हणाला की केस फुकट, कान गेला तर त्याचे वेगळे. हशा उसळला, आणि त्या हशात सगळे ठरून गेल्यासारखे वाटले.

"मला एक विचारायचंय," लायमन म्हणाला.

कॅप्टनने मान हलवली.

"भिंतीपुढं, त्या दुपारी, तू रांगेत होतास का, ऑरिन?"

हसू विझले. ऑरिनने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर लायमनला सोपे गेले असते.

"नव्हतो," ऑरिन म्हणाला.

कॅप्टनने, किती वेळ, असे विचारले.

"अंधार पडेपर्यंत."

"आणि कारण?"

कारण चार शब्दांत सांगता आले असते, आणि त्या चार शब्दांनी अडतीसही माणसे त्याच्या पाठीमागे गेली असती. लायमन ते शब्द ऐकायला तयार होऊन उभा होता. जवळजवळ त्यांची वाट पाहत होता. पण ते शब्द उच्चारले की सगळ्या तुकडीला कळणार होते, की सख्खा भाऊ दहा पावलांवर होता, की पोराने त्याला हाक मारली नाही, आणि तो हललाही नाही.

"हुकूम मोडला, कॅप्टन. एवढं खरं," ऑरिन म्हणाला. "बाकी माझं माझ्यापाशी."

माणसे एकमेकांकडे बघू लागली. ज्यांचे सोबती त्या उतारावर राहिले होते ते आधी हलले. मग त्यांच्या मागून इतर. चिखलातून बूट उपसल्याचे आवाज येत राहिले, आणि लायमनच्या पाठीमागची रांग लांबत गेली. एमॉस सगळ्यात उशिरा निघाला, आणि जाताना जमिनीवर थुंकला. कुणाच्या नावाने ते कळले नाही. ऑरिनच्या मागे त्याच्या झोपडीतले तिघे उरले. त्याने वळून त्यांना हळू आवाजात काही सांगितले, आणि चौघेही येऊन लायमनच्या रांगेच्या शेवटी उभे राहिले.

लायमनने मागे वळून पाहिले नाही. त्याला हवे ते सगळे त्याच्या पाठीशी होते, आणि तरी त्याच्या छातीत तेच जुने दुखत होते: हा माणूस इथेही त्याला काहीतरी देऊन गेला होता.

तीन आठवड्यांनी, राज्यपालाची मंजुरी येऊन नव्या खांदेपट्ट्या शिवून झाल्यावर, त्याने ऑरिनला बोलावले. ऑरिन दारात उभा राहिला, सलाम करून. लायमनने त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. सरपणाचे थोडे बोलणे झाले. मग लायमन पिंपाच्या धुराड्याकडे पाहत म्हणाला,

"थेरॉन... शेवटी काही म्हणाला का?"

ऑरिनची नजरही धुराड्याकडे गेली. तो सूड घेत नव्हता, शब्द शोधत होता, एवढे स्पष्ट दिसत होते.

"तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, लेफ्टनंट, आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं, की ती दुपार माझी माझ्यापाशी. बाहेर ती पोरं मला पळपुटा म्हणतात ते मी ऐकून घेतो. आता इथं आत, दार लावून, तुमच्यापुरती ती उघडू?" त्याने मान हलवली. "दोनदा आलो होतो मी. तेव्हा तुम्ही थेरॉनचे भाऊ होता."

तो सलाम करून गेला. यापूर्वी तो लायमनला कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता.

दुपारी लायमन पाहणीला निघाला. पलटणीतले कुणीही आता ऑरिनकडे केस कापायला जात नाही असे त्याला वाटले होते. पण त्या झोपडीमागे चारपाच जण ओंडक्यांवर बसले होते, मध्ये कात्रीचा आवाज चालला होता, आणि एमॉस काहीतरी सांगत होता, बहुधा कानाचेच. लायमन कोपऱ्याशी थबकला. एका हसण्याचा सूर अगदी थेरॉनच्या हसण्यासारखा होता. मग त्याच्या बुटाखाली फळी वाजली, सगळे उठून ताठ उभे राहिले, आणि अर्धे केस कापलेला पोरगा तसाच, गळ्याभोवती पोते घेऊन, त्याला सलाम करू लागला.