मास्तरांच्या तळव्यावरची पिवळी पट्टी

मास्तरांनी उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि मास्तरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक. निवृत्तीनंतर ब्रेक सुटला, सवय सुटली नाही. कुणाच्याही गाडीत पुढे बसले की लाल दिवा दिसताच त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबायचा.

त्याच पायाच्या तळव्याला जखम झाली. बुटात खडा होता आणि तो त्यांना दिवसभर कळलाच नाही, कारण साखरेने पाय केव्हाच बधिर केले होते. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, जखम काही भरेना.

त्यांची मुलगी जखमांच्या पट्ट्यांवरच संशोधन करत होती. चाळिशी आली तरी घरात ती चिमीच होती. बाहेर तिला डॉक्टर म्हणत, पण ताप उतरवणारी डॉक्टर नव्हे. तिच्या प्रयोगशाळेत एक सुई होती. सुईतून चिकट द्रावण सुटायचं, त्याला विजेचा जबर दाब दिला की थेंबाचा धागा व्हायचा, केसाहून कितीतरी पटींनी बारीक, आणि समोरच्या फिरत्या रुळावर साचत जायचा. संध्याकाळपर्यंत टिश्यू पेपरसारखा एक तुकडा तयार. द्रावणात हळदीचा आणि कोरफडीचा अर्क असे. तो धाग्यांतून हळूहळू जखमेत उतरावा, अशी कल्पना. उंदरांवर कल्पना खरी ठरली होती, माणसांवर अजून नाही. चिमीची बोटं, चष्मा आणि फोन मात्र पिवळे झाले होते.

"जगाच्या जखमा भरायला निघालीस आणि घरात बाप लंगडतोय," आई म्हणाली.

"माणसांवर वापरायची परवानगी नाही, आई."

"एक तुकडा आण. कोण बघतंय?"

चिमी नियमांची पक्की होती. तरी एकदा तिने तुकडा पर्समध्ये सरकवला. जिन्यापर्यंत गेल्यावर तिच्या डोक्यात आलं, की पर्समध्ये पडला तेव्हाच तो निर्जंतुक उरला नाही. तिने परत जाऊन तो कचऱ्यात टाकला, जिन्यात बसून थोडं रडली, मग घरी गेली. भाजी काय आणली, असं आईने विचारलं.

पुढे परवानगी आली. एका इस्पितळातल्या सर्जनबाई चाचणी करणार होत्या. अर्ध्या रुग्णांना खरी पट्टी, अर्ध्यांना त्याच धाग्याची पण औषध नसलेली. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून साधीलाही खाण्याचा पिवळा रंग दिला होता. कुणाला कोणती, हे रुग्णाला, सर्जनबाईंना किंवा चिमीला कळणार नव्हतं. मास्तरांनी नाव घातलं. चिमी रुग्णांच्या आसपासही फिरकत नाही, तेव्हा हरकत नाही, असं चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीने सांगितलं.

"बाबा, तुम्हाला साधी पट्टीही मिळू शकते."

"कळलं."

"आणि साधीही पिवळीच असेल."

"कळलं गं. मी काय दूधखुळा आहे?"

पहिली पट्टी बांधून झाल्याबरोबर त्यांनी इस्पितळातूनच फोन केला. "चिमे, खरी मिळाली! पिवळीजर्द आहे!"

पट्टी बदलणाऱ्या सिस्टर कडक होत्या. पायावर भार टाकायचा नाही, हे त्यांनी बजावलं होतं. टाकतच नाही, असं मास्तर शपथेवर सांगत. एके दिवशी सिस्टर त्यांना गाडीपर्यंत सोडायला आल्या. आई गाडी मागे घेत होती आणि शेजारी बसलेले मास्तर जखमेच्या पायाने जीव खाऊन पत्रा दाबत होते.

"आजोबा, हे काय चाललंय?"

"ब्रेक."

"तिथे ब्रेक नाहीये."

"ते मला माहीत आहे. पायाला माहीत नाही."

सिस्टरांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच गाडीत मागे बसले. पाय सीटवर लांब करून ते मंत्र्यासारखे प्रवास करू लागले आणि तिथूनच आईला क्लच सोडायला सांगू लागले. साखरही आटोक्यात आली, कारण आईने गोडाचे डबे वरच्या फळीवर ठेवले आणि स्टूल शेजारी देऊन टाकलं.

जखम कडेने गुलाबी होत होत भरली. मास्तरांनी गल्लीभर पाय दाखवला. कुणाच्या टाचेला भेग असली तरी ते चिमीचा नंबर देत.

मग निकाल आला. खरी पट्टी मिळालेल्यांच्या जखमा स्पष्टपणे लवकर भरल्या होत्या. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. सर्जनबाईंनी चिमीला बाजूला घेतलं.

"वडिलांची साधी होती."

चिमीला हसावं की रडावं कळेना. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण गल्लीभर जे पसरत होतं ते खोटं होतं, आणि ते तिच्याच नावावर. घरी जाऊन तिने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं.

मास्तरांनी मोजा काढला आणि तळवा वर करून पाहिला.

"म्हणजे रंग लावलेलं कापड?"

"हो. तुम्ही भार टाकला नाहीत, साखर सांभाळलीत, सिस्टरांनी जखम स्वच्छ ठेवली, म्हणून भरली."

"आणि बाकीच्यांना? तुझ्या औषधाचा गुण आला?"

"आला, बाबा. खरंच आला."

"मग झालं तर." त्यांनी मोजा चढवला. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "आधी कळलं असतं, तर मला खरी दिली असतीस?"

चिमी आता चपला काढायला वाकली. आईने दोघांसमोर पाण्याचे पेले ठेवले.

"तिला विचारू नका," आई म्हणाली. "तिला माहीत नव्हतं, तेच बरं झालं."

मास्तरांनी मान डोलावली आणि पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी चिमी कामावर निघाली तेव्हा ते फाटकाशी शेजाऱ्याला थांबवून बोलत होते.

"नुसत्या रंगीत कापडावर बरा केला तिने मला," ते सांगत होते. "औषध तर अजून लावलंच नाही."