कालची निवळी

नाकवाल्या काकांनी पोकळ सळई चीजच्या चाकाच्या बरोबर मध्यावर टेकवली, तळहाताने हळूच आत रेटली आणि कुलपात किल्ली फिरवावी तशी अर्धा वळसा देऊन बाहेर ओढली. सळईच्या पन्हळीत बोटभर लांबीची चीजची कांडी आली होती, लोण्याहून गडद, मधाहून फिकी. त्यांनी ती नाकाखालून नेली, डोळे मिटले, आणि तळघर गप्प झालं.

"झोपले का हो?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून काकूंचा आवाज आला.

"विचार करतोय."

"तेच म्हणते मी."

सासूबाईंना हसू आलं. त्यांच्या हातातला दिवा हलला आणि फळ्याफळ्यांवर ओळीने मांडलेल्या चाकांच्या सावल्या कूस बदलल्यासारख्या सरकल्या. सून तेवढी हसली नाही. ती शेवटच्या फळीला पाठ लावून उभी होती आणि तिचा हात मागे, तिसऱ्या चाकाच्या ओलसर सालीवर होता.

काकू कधीच खाली उतरत नसत. "पस्तीस वर्षं ह्यांच्या कोटाच्या वासाशी संसार केला, तेवढा पुरे," असं म्हणून त्या दरवर्षी जिन्यातच बसायच्या. यंदा त्यांच्या मांडीवर चौदा महिन्यांची ठकी होती, सुनेची लेक. काकूंच्या गळ्यातल्या माळेचा एकेक मणी तोंडात घालून ती अगदी काकांच्याच गांभीर्याने चाखून बघत होती.

काकांचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण ह्या घरात ते कुणाला आठवत नसे. शहरात त्यांचं चीजचं दुकान होतं. वर्षातून एकदा, गाई कुरणावरून गोठ्यात परतल्या की ते यायचे, तळघरात उतरायचे आणि सळई फिरवून चाकं निवडायचे. ज्या चाकाला त्यांनी मान डोलावली ते ह्या घराचं नाव लावून दुकानाच्या दर्शनी काचेत बसायचं. ज्याला नाही डोलावली, ते कारखान्यात वितळायला जायचं.

"हे तीन वर्षांचं," काका डोळे उघडून म्हणाले. कांडीचं टोक मोडून त्यांनी तोंडात टाकलं. "वहिनी, हे तुमच्या हातचं. त्या वर्षी उन्हाळा लांबला होता."

"लांबला होता खरा," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी एक कपची त्यांना दिली, एक सुनेला. दाताखाली बारीक कण कुरकुरले आणि मग मंद आचेवर भाजलेल्या कांद्यासारखी गोडी हळूहळू पसरत गेली. सुनेने ती नीट लक्षात ठेवायचा प्रयत्न केला. रात्री ठकीच्या दात येण्यामुळे तिला झोपेचे नुसते तुकडे मिळाले होते. तळघरात आलं की तिला तसंही पाण्याखाली उतरल्यासारखं वाटायचं. आवाज मऊ व्हायचे, हवा अंगाला चिकटायची, खाली फरशी ओली, वर लाकूड ओलं. रोज सकाळी ती इथे एकेक चाक उचलून पालथं करायची, मिठाच्या पाण्याचं फडकं फिरवायची, आणि ठकीच्या वेळी दवाखान्यात काचेपलीकडे ओळीने झोपलेली दिसायची ती बाळं तिला आठवायची. मग आपण गुणगुणतोय हे तिच्या उशिरा लक्षात यायचं.

दुसरं चाक दोन वर्षांचं होतं. तेही सासूबाईंचंच; त्याचीही कपची दोघींना मिळाली. काकांनी मान डोलावली, उरलेली कांडी परत भोकात बसवली आणि अंगठ्याने वरून साल सारखी केली.

"आता तुझं," ते सुनेला म्हणाले. "सरक की जरा. पळवून नाही नेत मी."

ती सरकली.

ह्या घरात वर्षाच्या आत चाकाला सळई लावत नसत. त्यामुळे चौदा महिन्यांपूर्वी तिने एकटीने केलेलं हे पहिलं चाक आतून कसं आहे, ते आजवर कुणालाच माहीत नव्हतं. त्यात काय आहे, किंवा काय नाही, ते मात्र तिला माहीत होतं. तिला एकटीलाच.

वर, चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात एक मातीची बरणी असे. रोज चीज झालं की उरलेल्या निवळीतली, दुधाच्या त्या हिरवट पाण्यातली, तांब्याभर त्या बरणीत काढून ठेवायची. ती रात्रभर उबेला आंबायची आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाला विरजण म्हणून लागायची. कालची निवळी आजच्या दुधाला, आजची उद्याच्या. सासूबाईंच्या आजेसासूंनी सुरू केलेलं ते विरजण एकदाही तुटलं नव्हतं. घरात बरणीला 'म्हातारी' म्हणत. म्हातारीला थंडी वाजेल, दार लावा. म्हातारी आज रुसलीय. सासरे गेले त्या सकाळी माणसं दारात जमलेली असताना सासूबाई पाच मिनिटं आत गेल्या आणि बरणी भरून आल्या, ही गोष्ट सुनेने लग्न झाल्यापासून निदान सात जणांच्या तोंडून ऐकली होती.

आणि मग ते वर्ष आलं. मांडीचं हाड मोडून सासूबाई दोन महिने लेकीकडे अंथरुणावर पडल्या. जाताना त्यांनी बाकी काहीच सांगितलं नाही. नुसतं बरणीकडे बघितलं आणि मग सुनेकडे. पंधरा दिवसांनी, ठरल्या दिवसाच्या तीन आठवडे आधीच, सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती पाच दिवस दवाखान्यात. नवऱ्याने गाई सांभाळल्या, दूध डेअरीला घातलं, दोन्ही वेळा तिच्यासाठी डबा आणला. म्हातारीची आठवण त्याला राहिली नाही. तिलाही राहिली नाही. तिने पाच दिवस फक्त एक इवलासा चेहरा बघितला होता.

घरी आल्यावर तिने झाकण उघडलं तेव्हा आत निळंकाळं मऊ काहीतरी वाढलं होतं आणि वास असा होता की ती ठकीला घेऊन दोन पावलं मागेच सरली.

बरणी तिने गोठ्यामागे नेऊन रिकामी केली. उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात पालथी घातली. त्यानंतर तिने जे केलं ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. दोन महिने भरल्यावर सासूबाई काठी टेकत आल्या, आल्या आल्या कोनाड्याशी गेल्या, झाकण उचलून वाकल्या, "हं" म्हणाल्या आणि झाकण ठेवलं. त्या "हं"चा अर्थ सून वर्षभर लावत होती. रोज तांब्याभर निवळी काढताना, ठकीला पाजताना, कधी नुसतंच खिडकीशी उभं राहून. चार पिढ्यांचं विरजण तिच्या हातून तुटलं हे उद्या कळलं, तर सासूबाई ओरडणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. त्या फक्त पुन्हा स्वतः कढईशी उभ्या राहतील, मोडक्या पायाने, आणि तिला म्हणतील, "तू बस, बाळाकडे बघ." तिला ह्याच वाक्याची भीती होती.

सळई आत गेली. अर्धा वळसा. बाहेर.

काकांनी कांडी नाकाखालून नेली आणि परत आणली. मग त्यांनी ती दिव्याजवळ धरली. सासूबाई दिवा थोडा वर करून थांबल्या. वर ठकी काहीतरी लांबलचक सांगत होती आणि काकू तिला "हो का? मग?" म्हणत होत्या.

काकांनी तुकडा तोंडात टाकला. जबडा सावकाश हलत राहिला. सुनेला त्यांच्या कानाजवळची शीर वरखाली होताना दिसत होती.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "तोच."

"काय तोच?"

"तोच हात. तीच चव. मला डोळे बांधून दिलं असतं तरी मी ह्याच घराचं म्हणून सांगितलं असतं. चार पिढ्या झाल्या, काही फरक नाही." त्यांनी खिशातून खडू काढला आणि चाकाच्या फळीवर रेघ ओढली. म्हणजे हे चाक दर्शनी काचेत जाणार होतं. "सगळ्या ओळीवर खूण करतो. ह्या ओळीतली सगळीच मी नेणार."

सुटले, सुनेला वाटलं. इतकं सोपं होतं हे. काकांनी पुढे केलेली कपची तिने तोंडात घातली. आधी नुसतं मीठ लागलं, मग गवत, मग मागून, घशाजवळ, एक ऊब आली, नुकतीच अंघोळ घातलेल्या बाळाचं डोकं हुंगावं तशी. ही ऊब आधीच्या दोन्ही चाकांत नव्हती. तिने पुन्हा चावून बघितलं. नव्हतीच.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं सूनबाई," काका खडू खिशात ठेवत म्हणाले, "पण तू आपलं दूध तापवलंस. बाकी सगळं त्या म्हातारीनं केलं."

"आणि तुम्ही दुकानात बसून काय केलंत सांगा तिला," वरून काकू म्हणाल्या.

काका हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या डाव्या दाढेखाली तुकडा घोळवत होत्या, अजूनही.

"आपण सगळेच तिचे हमाल," काका म्हणाले. "काय वहिनी?"

सुनेने तोंडातला घास गिळला. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. काका जातील, चाकं जातील, दुकानाच्या काचेत पाटी लागेल. ती त्या पाटीवर असणारही नाही आणि कुणी तिला दोषही देणार नाही. ठकी मोठी होईल आणि तीही म्हातारीची ती गोष्ट आठ जणांच्या तोंडून ऐकेल.

"काका," ती म्हणाली, "म्हातारी गेली."

"काय?"

"ठकी झाली तेव्हाच. मी पाच दिवस नव्हते. आले तेव्हा बुरशी आली होती. मी टाकून दिलं." तिचा आवाज त्या ओल्या हवेत तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "ह्यात ती नाहीये. ह्या अख्ख्या ओळीत नाहीये."

"कोण गेलं गं?" काकूंनी विचारलं.

काकांनी हातातली सळई पुन्हा नाकाशी नेली. हुंगली. सासूबाईंकडे बघितलं, मग सळईकडे. "पण वास तर..." ते म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सळई पुसायला लागले. पुसून झाली तरी पुसतच राहिले.

"मग हे विरजण कुठलं?" त्यांनी अखेर विचारलं.

"माझं," सून म्हणाली.

तो शब्द तिने ह्या घरात पहिल्यांदाच उच्चारला होता. तिला वाटलं, आता मागे घ्यावा. तिने सासूबाईंकडे बघितलं.

सासूबाईंनी दिवा फळीवर ठेवला. काठी भिंतीला टेकवली. भिंतीलगत चाकं पालथी करताना टेकायला एक बुटकं बाकडं होतं, त्यावर त्या मांडीला हात लावत सावकाश बसल्या. त्यांचा चेहरा अंधारात गेला. दिव्याच्या उजेडात त्यांचे फक्त हात राहिले, मिठाने आणि पाण्याने वर्षानुवर्षं पांढरे पडलेले. ते हात एकमेकांत गुंतले, सुटले, पुन्हा गुंतले. सून वाट बघत होती. तू बस, बाळाकडे बघ. तिने ते वाक्य मनातल्या मनात इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते आलंच असं तिला वाटलं.

"कुणाकडून मागून आणलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आणलं. आपलंच दूध. कच्चं, न तापवलेलं. तसंच ठेवलं."

"कुठं?"

"माझ्या खोलीत. ठकीसाठी शेगडी असायची ना तिथं."

"झाकायला?"

"तिचं दुपटं. धुतलेलं होतं," ती घाईघाईने म्हणाली.

"आणि आत काही घातलं नाहीस? काहीच?"

"काहीच नाही."

वर ठकी एकदम खिदळली. काका जिन्याकडे वळले. "मी जरा वर..." असं काहीतरी पुटपुटले आणि एकेक पायरी चढत गेले. वरून काकूंचं "काय हो, झालं काय?" आणि त्यांचं "हळू बोल" ऐकू आलं.

"कितव्या दिवशी लागलं?" सासूबाईंनी विचारलं.

"चौथ्या."

"चौथ्या," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी फळीवरच्या कांडीचा उरलेला तुकडा उचलला, नखाने दोन भाग केले, एक स्वतः घेतला. दुसरा सुनेपुढे धरला आणि बाकड्यावर जरा बाजूला सरकल्या. "मला कधी जमलंच नसतं ते. नव्याने विरजण लावायच्या वाटेला मला कुणी जाऊच दिलं नाही. बस इथं. पहिल्यापासून सांग. अजिबात घाई करू नकोस."

सून बसली. बाकडं ओलं होतं. दोघींचे खांदे एकमेकांना लागले. समोर चाकांच्या ओळी दिव्यापर्यंत गेल्या होत्या आणि दिव्याच्या पलीकडेही. तिने तुकडा हातातच धरला, थोडा वेळ आठवलं आणि सांगायला सुरुवात केली.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली, "काहीच झालं नाही."