कमिशनर प्रुइट यांची सहावी निवृत्ती

आमचे कमिशनर ऑरेलियस प्रुइट दर चार वर्षांनी राजकारणातून निवृत्त होत. निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत डिसेंबरातल्या एका सोमवारी दुपारी बाराला संपते, आणि साहेब त्याच्या आदल्या रविवारी निवृत्त होत. पाच वेळा निवृत्त होऊन ते पाच वेळा पुन्हा निवडून आले होते. मी त्यांच्या कचेरीत कारकून. कॉलेजात गेलेला म्हणून मला सगळे प्रोफेसर म्हणतात. पाचपैकी चार निवृत्त्यांची भाषणं माझ्या हातची आहेत.

साहेब मूळचे गायक. सोल गाणारे, चर्चच्या भजनांतून निघालेलं ते प्रेमाचं आणि विरहाचं गाणं. सदुसष्ट साली त्यांचं एक गाणं देशभर वाजलं होतं, ‘निघालो गं, निघालो’. त्यानंतर त्यांनी आणखी अकरा रेकॉर्डी काढल्या. त्या त्यांच्या तळघरात आहेत, बहुतेक सगळ्याच. पण त्या एका गाण्यावर माणसाचा जन्म निघाला. गाणं साडेपाच मिनिटांचं. पहिल्या दीड मिनिटात नायक बायकोला सांगतो की मी निघालो, आणि उरलेली चार मिनिटं तो दारात उभा राहून तेच सांगतो. स्टेजवर साहेब ते असं करत: गाणं संपवायचं, खांद्यावर कोट टाकून घ्यायचा, विंगेत निघून जायचं. बँड गप्प. लोक ओरडायचे, बायका रडायच्या. मग ऑर्गनवर तीन स्वर वाजायचे आणि साहेब कोट झुगारून परत यायचे. हे तीन-तीनदा चालायचं. आमच्या ईस्ट हॅल्सी गावात आजही कोणी पाहुणा दारात रेंगाळला की म्हणतात, ‘याचा प्रुइट झालाय.’

अठ्ठ्याहत्तर साली ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बोर्डावर निवडून येऊन कमिशनर झाले तेव्हा त्यांनी ही युक्ती बरोबर आणली. दर चार वर्षांनी माउंट नीबो बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांच्या सत्काराची दुपार व्हायची. शेवटी साहेब म्हणायचे, बस झालं, आता नव्या माणसाला जागा द्या. ‘निघालो गं’ गायचं, कोट खांद्यावर, मधल्या वाटेने चालत दाराबाहेर. मग ऑर्गनचे तीन स्वर. साहेब परत. आणि ते तीन स्वर ऐकले की पांढरे हातमोजे घातलेल्या, एरवी लोकांना जागा दाखवणाऱ्या अशर मंडळींनी अर्जाचे कागद बाकाबाकांवर फिरवायचे. उमेदवारीच्या अर्जावर मतदारांच्या सहाशे सह्या लागतात. लोक डोळे पुसत पुसत सही करत. वीस मिनिटांत काम व्हायचं. इतर उमेदवार तीन-तीन महिने दारोदार फिरून बोटं गारठवून घेत. साहेबांनी एकही दार कधी ठोठावलं नाही. ‘मागायचं नसतं, प्रोफेसर,’ ते म्हणत. ‘लोकांनी आपल्याला ओढून आणायचं असतं.’

ते तीन स्वर वाजवणारी बाई म्हणजे व्हर्नेल गेन्स. मूळ रेकॉर्डवरही ऑर्गन तिचाच आहे. तिचं नाव मात्र कव्हरवर नाही. साहेब म्हणतात, तेव्हा जागा कमी होती. कव्हरवर साहेबांचे चार फोटो आहेत.

बोर्डावर साहेबांनी काय केलं असं कोणी विचारलं तर मी सांगतो, उपस्थिती उत्तम. आमच्याकडे मतदानाला तीन उत्तरं चालतात: हो, नाही आणि हजर. हजर म्हणजे माणूस आहे, मत नाही. चोवीस वर्षांत साहेब जितक्या वेळा हजर होते तितकं कोणीच नव्हतं. त्यांच्या धीरगंभीर आवाजात ते ‘हजर’ म्हणत तेव्हा गॅलरीतल्या लोकांना आपल्या बाजूने काहीतरी झालं असं वाटायचं.

या सप्टेंबरात चौदाव्या रस्त्यावरचा काउंटीचा दवाखाना बंद करायचा ठराव आला. दवाखान्यात डायलिसिसच्या सहा खुर्च्या. त्यातली एक व्हर्नेलच्या बहिणीची, मॅझीची, आठवड्यातून तीनदा. मतदानाच्या आदल्या दिवशी व्हर्नेल कचेरीत आली. हातात झाकलेला पाउंड केक.

‘ऑरी, उद्या काय म्हणणार आहेस?’

‘अगं, व्हर्नेल, तू मला विचारतेस? मला? तुझ्या आईच्या हातची कोबीची भाजी खाऊन वाढलोय मी.’

‘ते खाल्लंस ते ठाऊक आहे. उद्याचं सांग.’

‘काळजी करू नकोस. मी आहे ना तिथे.’

ते तिथे होतेच. बोर्डावर एकूण दहा जण. बंद करा म्हणणारे पाच, नको म्हणणारे चार. साहेब नाही म्हणाले असते तर पाच-पाच होऊन ठराव पडला असता. साहेबांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि म्हणाले, ‘हजर.’ ऑक्टोबरात दवाखान्याला कुलूप लागलं. मॅझी आता दोन बसा बदलून नदीपलीकडे जाते. परतीच्या बसमध्ये तिला उलटी होते, म्हणून व्हर्नेल बरोबर जाते, पिशवी घेऊन.

केक आम्ही तेव्हाच संपवला होता. उत्तम होता.

यंदा साहेबांसमोर उभा होता हॉरेस डिलार्ड, अंत्यसंस्कारांचा धंदा असलेला. गावातल्या प्रत्येक चर्चमध्ये त्याने छापलेले पुठ्ठ्याचे पंखे असतात. एका बाजूला त्याचा हसरा फोटो आणि खाली ‘शेवटपर्यंत तुमच्यासोबत’. डिसेंबरातही बायका ते हलवतात, कारण माउंट नीबोचे चर्च तापवणारे रेडिएटर कोणाचं ऐकत नाहीत. साहेब त्याला मोजतच नसत. ‘हॉरेसचे मतदार उभे राहात नाहीत,’ ते म्हणत.

तरी मी शनिवारी म्हणालो, ‘साहेब, या वेळी आधी थोड्या सह्या गोळा करून ठेवूया का? शंभर-दोनशे?’

‘म्हणजे निवृत्त व्हायच्या आधीच परत येऊ?’

‘तसं नाही, पण लोक दवाखान्याबद्दल बोलतायत.’

‘लोक बोलतात, प्रोफेसर. ऑर्गन वाजला की लोक रडतात. तू कागद तेवढे अशरांकडे दे.’

‘आणि व्हर्नेलबाई?’

‘काय व्हर्नेलबाई? चौतीस वर्षं ती मला परत आणतेय. तिला दुसरं काय येतं?’

रविवारी तीन वाजता चर्च गच्च भरलं होतं. पुढच्या दोन बाकांवर चर्चच्या मदर मंडळी, म्हणजे मानाच्या म्हाताऱ्या बायका, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात, टोप्यांसकट. त्यातल्या चौघी चौदाव्या रस्त्याच्या खुर्च्यांवरच्या. मॅझी कडेला, मांडीवर शाल. डिलार्ड मागच्या बाकावर, गुडघ्यावर हॅट. पंख्यावरच्या स्वतःच्याच तोंडाने स्वतःला वारा घालत होता.

सत्कार रीतसर झाला. ‘दोन शब्द, कृपया दोन मिनिटांत’ असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असूनही सात जण प्रत्येकी अकरा मिनिटं बोलले. एक ढाल दिली गेली. मग साहेब उभे राहिले, आणि व्हर्नेलने खालून हलकेच सूर धरला.

‘चोवीस वर्षं!’ साहेब म्हणाले.

‘चोवीस!’ पुढच्या बाकावरून उत्तर आलं.

‘चोवीस वर्षं हे ओझं वाहिलं!’

‘वाहिलंत हो, वाहिलंत!’

‘आता पाय थकलेत!’

इथे लोकांनी ‘नाही, नाही’ म्हणायचं असतं. पाच वेळा म्हणाले होते. मदर लुएला बिग्ज यांनी पंखा थांबवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘थकलेच की!’

‘बसायला हवं मला आता!’

‘बसा!’ अख्खा बाक म्हणाला. ‘बसा, साहेब, बसा!’

‘कोणीतरी दुसऱ्याने उचलावं!’

‘खरं बोललात! देवाशपथ खरं बोललात!’

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्याकडे झुकून कुजबुजले, ‘आज पब्लिक तापलंय.’ मी मान डोलावली. पब्लिक तापलं होतं यात वाद नव्हता.

मग गाणं झालं. आता मी थट्टा करतोय खरा, पण एक सांगतो, ते गाणं ते गातात तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. सत्तरीला टेकलेला माणूस, पण ‘निघालो’मधला ‘लो’ असा काही लांबवतो की वाटतं, खरंच जाईल हा, आणि मग आपलं कसं होणार? व्हर्नेल त्या दिवशी कधी नव्हे इतकी सुरेख वाजवत होती. नेहमी ती थोडी कंटाळलेली असते. त्या दिवशी प्रत्येक ओळीला ती जणू त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना दाराकडे नेत होती.

मी कोट त्यांच्या खांद्यावर टाकला. ते मधल्या वाटेने निघाले, मी हॅट घेऊन मागे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अशर मंडळी भिंतीला टेकून, एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात कागद. आम्ही बाहेर आलो, दार मागे बंद झालं. पायऱ्यांवर बारीक बर्फ पडत होतं.

साहेबांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि मोजायला लागले. आठ मोजायचे, मग तीन स्वर. ते आठपर्यंत गेले.

आतून ऑर्गन ऐकू येत होता, पण तीन स्वर नव्हते. एकच स्वर होता, धरून ठेवलेला. आणि तो हळूहळू खाली घसरायला लागला. उतारावर सोडलेल्या गाडीसारखा तो घसरत घसरत, जाडा होत, शेवटी घशात गेला.

‘हे काय?’ साहेब म्हणाले.

‘बंद केला, साहेब.’

‘कोणी?’

तो हॅमंड ऑर्गन जुना. त्याच्या पोटात मोटर आहे. एकदा बंद केला की दोन बटणं एकामागून एक दाबून, वाट बघून मगच तो बोलतो. अर्धं मिनिट तरी जातं. नुसत्या दारात उभ्या असलेल्या माणसाला अर्धं मिनिट फार मोठं. आणि माउंट नीबोचे अशर ऑर्गनशिवाय पाऊल हलवत नाहीत. वर्षातून दोनदा त्यांची तालीम होते, तिथे पहिला धडाच तो.

‘नऊ,’ साहेब म्हणाले. ‘दहा.’

‘साहेब, तसेच आत जा. बोला काहीतरी.’

‘वेडा आहेस का? बोलावल्याशिवाय कसा जाऊ?’

हे त्यांनी अगदी खऱ्या आश्चर्याने विचारलं. आतून रेव्हरंड काल्डवेल यांचा आवाज आला. शांतता पसरली की पाळकाला एकच गोष्ट सुचते. त्यांनी शेवटचा आशीर्वाद म्हटला. ‘आमेन,’ सातशे माणसं म्हणाली. मग दार उघडलं, आतून बाहेर, आणि त्या दाराने साहेबांना दोन पायऱ्या खाली ढकललं.

लोक बाहेर पडायला लागले. पायरीवर साहेब उभेच होते, कोट खांद्यावर, त्यामुळे प्रत्येकाने हात मिळवला.

‘शोभलं हो, कमिशनर. वेळेवर थांबलात.’

‘आता मासे धरा. माझा नवरा धरतो. त्याचं ब्लडप्रेशर उतरलं.’

‘बसा बरं का आता खरोखरी,’ मदर बिग्ज म्हणाल्या आणि त्यांच्या गालावर थोपटलं.

साहेब प्रत्येकाला म्हणत होते, ‘अहो, पण ऐका,’ आणि मागचा माणूस पुढच्याला सरकवत होता, कारण तळमजल्यावर तळलेलं चिकन आणि मॅकरोनी मांडली होती आणि सगळ्यांना मॅकरोनीचा कडेचा, करपलेला तुकडा हवा होता. शेवटी डिलार्ड आला. त्याने हॅट छातीशी धरली, त्याची ती रोजची पद्धत, आणि खालच्या आवाजात म्हणाला, ‘फार सुंदर झालं, कमिशनर. कुटुंबाला काही लागलं तर सांगा.’

सगळ्यात मागून व्हर्नेल आली, एका हाताने मॅझीला धरून, दुसऱ्या हातात पर्स. साहेब तिच्या आडवे आले.

‘व्हर्नेल! माझे तीन स्वर कुठे गेले?’

ती थांबली. मॅझीची शाल नीट केली.

‘व्हर्नेल, मी दारात उभा होतो! वाट बघत! तू होतीस ना तिथे?’

‘होते की,’ ती म्हणाली. ‘हजर होते.’

आणि दोघी बर्फातून सावकाश पायऱ्या उतरल्या. मॅझीला सोमवारी पहाटे बस असते, त्या जेवायला थांबल्या नाहीत.

सोमवारी अकरा वाजता साहेबांचा कचेरीत फोन आला. आवाज घोगरा.

‘प्रोफेसर, किती सह्या झाल्या?’

‘एकही नाही, साहेब. अशरांनी कागद तसेच परत दिले. घडीसुद्धा पडली नाही.’

‘एकही नाही? अरे, पहिली सही तर दर वेळी तुझी असते.’

कागद माझ्यासमोरच होते. पेनही होतं. पलीकडे साहेब श्वास घेत होते, गाण्याआधी घेतात तसा, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अजून एक तास बाकी होता.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘मी आहे ना इथे.’