वाळू नसलेली वाळूची पेटी

वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे उजेडसुद्धा यायला कुरकुर करायचा, तिथे वाळूची पेटी उभी होती. पेटीत वाळू नव्हती. कित्येक वर्षं नव्हती. पण एकदा नाव पडलं की पडलं. लहानपणी काडी म्हटलेला माणूस पुढे पोट सुटल्यावरही काडीच राहतो, तशातली गत.

दिसायला ती पेटी म्हणजे चार पायांवर उभं केलेलं पत्र्याचं कपाट. समोर काच, काचेखाली दोन गोल भोकं, आणि भोकांना आतून जोडलेले कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. त्यात हात घालायचे, आतली बंदूक धरायची, पायानं पेडल दाबायचं. कॉम्प्रेसरची हवा सुटते, तळाशी साठलेले काचेचे बारीक दाणे खेचून घेते आणि बंदुकीच्या तोंडाशी बसवलेल्या नोझलमधून समोरच्या भागावर सडासड मारते. गंज जातो, काजळी जाते, जुना रंग जातो. झालं. अर्थात पेटीची इच्छा असेल तर.

सध्या पेटीची इच्छा नव्हती.

"उठ की गं बये," वहिनी म्हणाल्या आणि पेटीला गुडघ्यानं एक दणका दिला.

वहिनी म्हणजे वर्कशॉपमधल्या सगळ्यांच्याच वहिनी. गिऱ्हाईकं वहिनी म्हणत, सुटे भाग पोचवणारा टेम्पोवाला वहिनी म्हणे, मग आपण तरी वेगळं काय म्हणणार? ही पेटी त्यांच्या नवऱ्यानं स्वतः पत्रा कापून, वाकवून बनवली होती. सुरुवातीला त्यात तो खरोखरच बांधकामाची वाळू मारायचा. स्वस्त, हाताशी, आणि तोंडाला बांधायला रुमाल होताच. त्या रुमालातून किती वाळू आत गेली, ते पुढे छातीच्या फोटोत दिसलं. डॉक्टर म्हणाले, "धुळीपाशी पुन्हा दिसलात तर माझ्यापाशी येऊ नका." तेव्हापासून तो घरी खुर्चीत बसून खोकायचा आणि फोनवरून पेटी चालवायचा. पेडलवर पाय मात्र वहिनींचा.

पहिल्यांदा त्या आल्या होत्या चार दिवस सांभाळायला. मग त्यांना ते काम आवडायला लागलं. भांडी त्यांनी जन्मभर घासली होती, पण घासलेलं भांडं संध्याकाळी पुन्हा खरकटं होतं. इथे घासलेला भाग गाडीत बसून निघून जायचा आणि पुन्हा तोंड दाखवायचा नाही. शिवाय हात त्या मोज्यांत असले की कुणी चहा मागू शकत नसे.

"वहिनी, राग मानू नका," धाकटा दीर मागून म्हणाला. वर्कशॉप आता तोच बघायचा. इंजिनं त्याची, पेटी वहिनींची, अशी वाटणी. "राग मानू नका" असं तो म्हणाला की पुढे राग यावा असंच काहीतरी असायचं. "बेकरीवाल्याच्या इंजिनाची झाकणं शनिवारी द्यायचीत. पेटी तोवर चालली तर ठीक. नाहीतर मी झाकणं बाहेरून मारून आणतो. आणि मग हा कोपरा... टायर काढायचं मशीन बसेल इथे बरोबर."

"आणि मी?"

"तुम्ही काय, घरी आराम करा. दादाला सोबत होईल."

"तुमच्या दादाला सोबत हवी असती भाऊजी, तर ते मला दिवसातून इतके फोन करून कामात राहा म्हणून सांगत नसते."

दीर हसला, पण त्याच्या हातातली मापाची फीत काही आत गेली नाही. त्यानं खाली वाकून भिंतीपासून पेटीपर्यंतचं अंतर मोजलंच.

रोग सोपा दिसत होता. बंदुकीतून दाणे यायचे, पण कसे? कुणीतरी लांबून मीठ भुरभुरवावं तसे. जोर नाही, धार नाही. झाकणावरची काजळी जागची हलत नव्हती.

फोनवर नवरा म्हणाला, "दाणे दमट झालेत. नवे आण."

तर वहिनी दाणे आणायला निघाल्या. पहिला दुकानदार म्हणाला, "काचेचे मणी? माळ ओवायची का?" दुसऱ्यानं त्यांना पॉलिशपेपर दाखवला, मग तारेचा ब्रश दाखवला, मग त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्याच काहीतरी विसरल्यात. तिसऱ्याकडे दाणे होते, पण कारखान्याला देतात तसे, एका माणसाला उचलता येणार नाही एवढ्या पोत्यांत, आणि पोतं फोडणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. चौथा भला होता. तो म्हणाला, "कशाला एवढी वणवण करता? बाहेर बांधकाम चाललंय, बादलीभर वाळू उचला. सगळे तीच मारतात."

"ज्यांनी मारली त्यांच्यातला एक माझ्या घरी आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला ऐकवते त्याचा खोकला, फोन लावू?"

त्यांनी खरंच फोन काढला. दुकानदारानं घाईघाईनं आतून अर्धी भरलेली एक पिशवी शोधून काढली. ग्लास बीड, बारीक, कोरडे. कुणीतरी परत आणून टाकलेले.

कोरडे दाणे घातले. पेटीनं तेही मीठ भुरभुरवावं तसेच भुरभुरवले.

"मग नळी," नवरा म्हणाला.

नळी बदलली. काही नाही. नळी आणताना हातमोजेही आणले, कारण डाव्या मोज्याच्या अंगठ्यातून दाणे आत येऊन नखात बसत होते. वर्कशॉपवर येऊन खोकं उघडलं तर दोन्ही मोजे उजवे. वहिनींनी कपाळाला हात लावला, तोही उजवाच. परत जायला दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी त्यांनी एक मोजा आतला बाहेर करून डाव्या भोकाला बसवला. बसला. आतलं अस्तर बाहेर आलं एवढंच. रागाच्या भरात माणसाला काय काय सुचतं!

"आता फक्त नोझल उरलं," नवरा म्हणाला. "काढून घरी आण. मी मोजतो."

मोजणं हे त्याचं राज्य होतं. फुफ्फुसं गेली होती, नजर नव्हती गेली. चिनी मातीचं ते बोटाएवढं नोझल त्यानं रुमालानं पुसलं, खिडकीपाशी धरलं, व्हर्नियरचे जबडे भोकात घालून मोजलं. मग आडवं फिरवून मोजलं. मग चष्मा बदलून पुन्हा मोजलं. वहिनी कणीक बाजूला ठेवून उभ्या राहिल्या, कारण अशा वेळी बोललं तर तो पहिल्यापासून मोजायचा.

"केसाचाही फरक नाही," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा असा कामावरच्या माणसासारखा दिसत होता. "एवढंच आण. याहून लहान नको, मोठं नको. माप म्हणजे माप."

नोझलवाल्या दुकानदारानं माप ऐकून भुवई वर केली. "एवढं मोठं? तुमची बंदूक केवढी?"

"माझ्या नवऱ्यानं मोजलंय," वहिनी अशा आवाजात म्हणाल्या की पुढे कुणाची बोलायची छाती होऊ नये. त्याची झाली नाही.

नवं नोझल बसवलं. वहिनींनी मोज्यांत हात घातले, पेडल दाबलं.

भुरभुर.

पेडल सोडलं, दाबलं, सोडलं, दाबलं. भुरभुर, भुरभुर. बेकरीवाल्याचं झाकण आतून त्यांच्याकडे काळंकुट्ट तोंड करून बघत होतं. त्यांना वाटलं, काच फोडावी आणि ते झाकण नखांनी खरवडावं. दाणे नवे, नळी नवी, नोझल नवं. मग जुनं काय उरलं? पेटी आणि मी, त्यांच्या मनात आलं.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि तो खांद्यावर धरून, पुन्हा मोज्यांत हात घालून ती भुरभुर ऐकवली. तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला असेल." आणि नंतर, अगदी हळू, "जाऊ दे. दे त्याला कोपरा."

हे ऐकून मात्र वहिनींना रडू आलं. हात मोज्यांत होते, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. फोन खांद्यावर मान वाकडी करून धरलेला.

"ठेवा फोन," त्या म्हणाल्या. "खोकला येईल बोलून."

दीर कोपऱ्यात आला तेव्हा त्याच्या हातात फीत नव्हती, चहाचा कप होता. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. "पेटी मी मोडीत नाही देणार वहिनी," तो म्हणाला. "वर माळ्यावर ठेवू. दादाच्या हातची आहे."

"माळ्यावर कशाला, हार घालून भिंतीला टांगा." वहिनींनी कप घेतला. दीर बिचारा गेला.

चहा पिऊन त्या पेटी आवरायला लागल्या. माळ्यावर जायचं तर निदान स्वच्छ जाऊ दे. पेटीच्या बाजूला खिळ्यावर विणकामाची एक लोखंडी सुई लटकलेली होती. ती त्यांचीच. पेटी बनवली त्या वर्षी नवऱ्यानं ती घरातून पळवली होती, नोझल तुंबलं की साफ करायला. जोडीतली एक सुई घरी, एक इथे. त्यामुळे एका स्वेटरची दुसरी बाही कधी झालीच नाही, आणि त्यावरून दोघांचं जे भांडण झालं होतं ते शेजारणीला अजून पाठ होतं. "अगं, हिच्यासारखी दुसरी मिळणार नाही," तो तेव्हा म्हणाला होता, "भोकात जेमतेम जाते बघ, दाबून घालावी लागते. म्हणून तर साफ होतं."

सवयीनं वहिनींनी सुई उचलली आणि नोझलमध्ये घातली.

सुई आत जाऊन पलीकडून बाहेर आली आणि खाली पडली.

त्यांनी ती उचलली, पुन्हा घातली. बादलीत चमचा हलवावा तशी सुई नोझलमध्ये खुळखुळ हलत होती. दाबून घालण्याची बात दूरच. त्यांनी खिशातून जुनं नोझल काढलं आणि त्यातही सुई घालून पाहिली. तशीच. खुळखुळ. केसाचाही फरक नाही.

वहिनी स्टुलावर बसल्या.

दाण्यांनी इतकी वर्षं गंज खाल्ला होता, तसंच नोझलही खाल्लं होतं. आतून, गुपचूप, सगळीकडून सारखं. भोक मोठं होत गेलं आणि जोर कमी होत गेला. आणि आपण काय केलं? ते झिजलेलं भोक घरी नेलं, चष्मा बदलून बदलून मोजलं, आणि तेवढंच्या तेवढं मोठं भोक दुकानातून नवंकोरं विकत आणलं. वर दुकानदाराला दम देऊन.

त्यांना हसू येईना आणि रडूही येईना. मधल्या मध्ये घशातून एक आवाज आला, तो ऐकून दीर धावत आला.

"काय झालं? चावलं काही?"

"गाडी काढा भाऊजी. दुकान बंद व्हायच्या आत पोचवा मला. आणि वाटेत काही विचारू नका."

दुकानदारानं त्यांना ओळखलं. "वापरलेलं परत घेत नाही हं," तो आधीच म्हणाला.

"नका घेऊ. तुमचा तो नोझलचा ट्रे द्या इकडे." त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि एकेका नोझलमध्ये घालून बघायला सुरुवात केली. ढिली. ढिली. जातच नाही. ढिली.

"मावशी, स्वेटर विणायचाय का नोझल घ्यायचंय?"

"दोन्ही राहिलंय," वहिनी म्हणाल्या. एका नोझलपाशी सुई अडली. त्यांनी अंगठ्यानं दाबली तेव्हा कुरकुरत आत गेली. "हे द्या."

दारात उभा दीर तोंड उघडायला गेला, मग वाटेत न विचारण्याची अट आठवून त्यानं ते मिटलं.

परत आल्यावर वहिनींनी पेडल दाबलं आणि बंदुकीनं त्यांच्या हाताला मागे झटका दिला. कित्येक महिन्यांत दिला नव्हता. धार सरळ, बारीक, आणि आवाज असा की दीर इंजिन सोडून बघायला आला. काळ्या झाकणावर एक पांढरा पट्टा उमटला. मग दुसरा. डावा मोजा उलटा असल्यामुळे आतली रबरी बाजू घामानं चिकटत होती, मनगट ओढत होतं, आणि वहिनी मोज्यांच्या दुकानदाराच्या सात पिढ्या आठवत होत्या, पण पाय पेडलवरून काढला नाही. झाकण पूर्ण घासून निघालं तेव्हा त्यावर कारखान्याचा कोरलेला ठसासुद्धा दिसायला लागला.

दीरानं ते हातात घेऊन उजेडात फिरवलं. "टायरचं मशीन," तो म्हणाला, "तसं दाराशीही बसेल."

"पावसाची झड येते तिथे."

"मग भिजेल मेलं," दीर म्हणाला आणि उरलेली झाकणं आणायला गेला.

घरी नवरा खुर्चीत बसला होता. हाती पेपर होता, पण उलटा. वहिनींनी त्याच्या मांडीवर दोन मोठ्या भोकांची नोझलं ठेवली, एक जुनं, एक नवं, आणि वर सुई ठेवली.

त्यानं सुई जुन्यात घातली. मग नव्यात. बराच वेळ ती हलवत बसला. खोकला आला, तो ओसरेपर्यंत वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे मी झिजलेलं मोजलं," तो म्हणाला.

"पण काय बरोबर मोजलंत!"

त्यानं वर पाहिलं. त्या चेष्टा करतायत की नाही ते त्याला कळेना. त्यांनाही नीट कळत नव्हतं.

"चालली?" त्यानं विचारलं.

"चालली. बेकरीवाल्याची सगळी झाकणं झाली. उद्या डावा मोजा शोधायचाय. आणि दाणे संपत आलेत, आणि तो दाणेवाला पोतं फोडत नाही."

"फोडेल," नवरा म्हणाला. "त्याला मी फोन करतो. खोकून दाखवतो."

वहिनी हसल्या. मग हात पुढे केला. "सुई द्या इकडे. सकाळी न्यायची आहे."

"मी धरतो जरा," तो म्हणाला.