निळ्या टोपीचा हमाल

दुपारचं जेवण झालं की त्या घरात रोज डोंगर चढला जाई.

खाली सुताराचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, आणि मधे सुताराने स्वतःच्या हाताने केलेला लाकडी जिना. घरात माणसं तीन. सुतार, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, ती सकाळी गेली की संध्याकाळीच यायची. दुपारी सुतार दुकानाच्या दाराला आतून कडी घालायचा, वर येऊन जेवायचा आणि आईच्या शेजारी बसून टीव्हीवर खेळ लावायचा. लहानपणी हाताला येईल ते ठोकत बसायचा म्हणून आई त्याला ठोक्या म्हणे. आता मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, तरी आईसाठी तो ठोक्याच.

खेळाच्या डब्याबरोबर आलेले दोन्ही कंट्रोलर केव्हाच कामातून गेले होते. एक सरसाच्या भांड्यात पडला आणि दुसरा त्याच्या दुःखाने गेला, असं ठोक्या सांगे. मग सूनबाईने दोन फोनांत एक ॲप घातलं आणि फोनच कंट्रोलर झाले. वायर नाही, काही नाही. आईच्या हातात तिचा रोजचा फोन. ठोक्याच्या हातात त्याचा जुना, सिम काढून टाकलेला, एका कोपऱ्यात काच तडकलेला, खेळण्यापुरता उरलेला.

खेळात डोंगर चढणारे दोन हमाल होते. आईचा लाल टोपीचा, ठोक्याचा निळ्या टोपीचा. दोघांच्या कमरेला एकच दोरी. एकाने ओढलं किंवा एक जण मटकन बसला की दोरीला हिसका बसे आणि दुसऱ्याच्या हातातला फोन थरथरे. दम लागला तर बसायचं एक बटण होतं, पण या घरात ते कुणी दाबत नसे. आधी बसेल तो हरला आणि चहा त्याने करायचा, असा नियम होता. तशी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून चहा रोज ठोक्याच करी. पण हरून केलेला चहा वेगळा आणि आपल्या मर्जीने केलेला वेगळा. ठोक्या दरीत पडे, आईलाही बरोबर घेऊन पडे, पण बसत नसे.

"बस की मेल्या. जीव चाललाय त्या हमालाचा."

"नेमका त्याच बटणावर तडा गेलाय. अंगठ्याला टोचतो."

"तडा काचेला गेलाय की तुझ्या नाकाला?"

मधेच कुणाचा फोन आला की मात्र पंचाईत. आई बोलायला लागली की तिच्या फोनमधला खेळ मागे पडे आणि लाल हमालाच्या हातून दोरी सुटे. एकदा सूनबाईने औषध घेतलं का म्हणून विचारायला फोन केला, तर निळा हमाल गडगडत पायथ्याशी गेला. ठोक्या त्या रात्री झोपेपर्यंत बायकोशी बोलला नाही.

त्या दिवशी सकाळी सूनबाई कामावर निघताना जिन्यातच थांबली होती. दुकानात भिंतीला टेकवून लांब लांब फळ्या उभ्या केल्या होत्या, पार छतापर्यंत.

"अहो, खेळातल्या हमालांना रोज दोरी बांधता, तेवढी एकदा त्या फळ्यांनाही बांधा."

"उद्या बांधतो," ठोक्या म्हणाला. त्याचा हा उद्या बरेच दिवस चालला होता.

दुपारी डोंगर अर्धाअधिक चढून झाला आणि ठोक्या उठला.

"एक फळी मशिनीतून काढायची राहिलीय. गिऱ्हाईक यायच्या आत काढतो. तू इथंच थांब, हलू नकोस."

"मी कुठं पळून चाललेय?" आई म्हणाली.

त्याने एप्रन चढवला, जुना फोन छातीवरच्या खिशात टाकला आणि तो खाली गेला. थोड्या वेळाने रंधा मशिनीचा आवाज सुरू झाला. ती मशीन चालू झाली की वरच्या फडताळातली भांडीसुद्धा आपसात कुजबुजायला लागत. त्या आवाजात खाली हाक ऐकू येत नसे, फोनची घंटी ऐकू येत नसे. तरी आईला तो आवाज बरा वाटे. आवाज आहे म्हणजे पोरगा कामाला लागलाय. तिने पाठ टेकली आणि तिचा डोळा लागत आला.

हातातला फोन थरथरला.

तिने डोळे उघडून पाहिलं, तर निळा हमाल बसला होता.

आईला हसूच आलं. "हरलास ना शेवटी? आण आता चहा," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. निळा उठला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग पुन्हा बसला.

खिशात दाबलं जात असेल, तिने मनाशी म्हटलं. वाकतो, उठतो, फळीला छाती लागते, त्यात बटण दाबलं जातं. पण मग हमाल चालायला हवा होता, उड्या मारायला हवा होता, एव्हाना दरीत पडायला हवा होता. हा एक पाऊल हलत नव्हता. बसत होता. थांबत होता. उठत होता. पुन्हा थांबत होता, आणि ते थांबणं दर वेळी थोडं लांबत होतं.

तेव्हा तिचं लक्ष आवाजाकडे गेलं. फळी आत गेली की ती मशीन गुरगुरते, फळी बाहेर पडली की नुसती घूं करत राहते. नवरा सुतार, मुलगा सुतार, सगळा जन्म त्या आवाजावर गेलेला. आणि इतका वेळ तिने एकदाही गुरगुर ऐकली नव्हती. केव्हापासून कोण जाणे, खाली मशीन रिकामीच फिरत होती.

आईने फोन दोन्ही हातांत धरला.

तिने ओढायचं बटण दाबलं. लाल हमालाने दोरीला हिसका दिला. लगेच, अगदी लगेच, निळा बसला, उठला, बसला. एवढा वेळ रेंगाळणारा तो, घाईघाईने.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला ठोक्या होता, आणि आपली आई बघतेय हे त्याला कळलं होतं.

तिने त्याच्या नावाने हाक मारली. खऱ्या नावाने, जे ती वर्षानुवर्षं उच्चारत नव्हती. मशिनीच्या आवाजात ती हाक जिन्यापर्यंतही पोचली नाही.

आता मदतीला कुणाला तरी बोलवायचं तर फोन करायला हवा, आणि फोन हा एकच, जो हातात धरला होता. तो कानाला लावला की दोरी सुटणार. खाली तो कसा पडला असेल, कशाखाली असेल, तिला दिसत नव्हतं. एवढंच माहीत होतं की त्याच्या छातीवर एक फोन आहे आणि त्यातून त्याला आईचा हिसका लागतोय. तो हिसका बंद पडला तर त्याला काय वाटेल? म्हातारी कंटाळली, तिने खेळ बंद केला, झोपली. तिचा अंगठा बटणावरून निघेना. हात सोडण्याआधी माणूस तो घट्ट दाबतो तसा तिने दोन-चार वेळा दोरीला हिसका दिला, जोरात, मग अजून एकदा, आणि मग सूनबाईचा नंबर लावला.

"आई, खिडकीवर माणसं आहेत, पटकन बोला."

"पोरी, तो खाली पडलाय. मशीन रिकामी फिरतेय."

"तुम्ही खाली गेलात?"

"वरच आहे. त्याचा हमाल बसतोय."

दुसरं कुणी असतं तर म्हातारीला काहीतरी झालंय असं समजलं असतं. सूनबाई उठूनच उभी राहिली. नवरा बसायचं बटण दाबत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"फळ्या," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, मी समोरच्या न्हाव्याला फोन करते. त्याला लगेच पाठवते. मीही निघाले. तुम्ही अजिबात जिना उतरायचा नाही, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"दाराला आतून कडी आहे."

पलीकडे कुणीतरी तिकिटं मागत होतं.

"मग बसून उतरा," सूनबाई म्हणाली. "उभ्या राहू नका. एकेक पायरी, बसून."

आईने फोन ठेवला आणि खेळ पुन्हा उघडला. लाल हमाल आपल्या जागी येऊन उभा राहिला, कमरेला दोरी लागली. निळा बसलेलाच होता. तिने हिसका दिला. तो उठला नाही. पुन्हा दिला. नाही. ती टीव्हीकडे बघत राहिली असती तर तिथंच तिचा जीव गेला असता. तिने फोन गाऊनच्या खिशात टाकला, चालायची काठी घेतली आणि ती जिन्याच्या तोंडाशी आली.

काठी वरच राहिली. ती पहिल्या पायरीवर टेकली, चांगला पाय खाली सोडला आणि सरकली. खुब्यातून कळ थेट दातांपर्यंत आली. आवाज खालून वर येत होता, पायऱ्यांतून, हाडांतून. दुसरी पायरी. कठडा घट्ट धरून पुढची. हा जिना ठोक्याने केला तेव्हा ती म्हणाली होती, पायऱ्या किती रुंद केल्यास, लाकूड फुकट येतं का? आता त्याच रुंदीवर तिचं सगळं अंग मावत होतं.

अर्ध्या जिन्यावर दम खायला थांबली. खाली बघायचं धाडस होत नव्हतं, वर जायची ताकद नव्हती. आपणही इथंच राहणार, असं तिला वाटून गेलं. सूनबाई येईल आणि तिला दोघं सापडतील, एक खाली आणि एक मधे.

तेवढ्यात खिशात थरथरलं.

तिने खिशावरूनच फोन दाबला, जिथे हाताला येईल तिथे. काय दाबलं गेलं देव जाणे. लाल हमाल वर एकटाच उड्या मारत असेल. पण पलीकडून पुन्हा थरथरलं, हलकंच. मग मात्र काही नाही. ती उरलेल्या पायऱ्या सरकली ते त्या काही नाहीच्या भीतीने.

खाली पोचल्यावर तिने पाहिलं. फळ्या भिंतीवरून सरकून आडव्या पडल्या होत्या, एकावर एक, पत्ते पडावेत तशा. त्यांच्याखालून एक चप्पल बाहेर आली होती, पायासकट. पाय हलत नव्हता. मशिनीचं मुख्य बटण जिन्याच्या भिंतीलाच होतं. तिने ते ओढलं.

मशीन थांबली. शांतता अशी पडली की तिचे कान दुखले. मग दारावरचे धक्के ऐकू आले, मघापासून चालले असतील. "मावशी! मावशी, कडी काढा!"

फळ्यांखालून आवाज आला नाही.

दार त्या बाजूला, मुलगा या बाजूला. आईचा सगळा जीव या बाजूला ओढत होता, पण तिच्या हातांनी तिथे एक फळी उचलली गेली नसती. ती त्याच्याकडे पाठ करून, सुतारकामाच्या टेबलाला धरत धरत, दाराकडे गेली. ती चार पावलं तिला नंतर कधी कुणाला सांगता आली नाहीत. कडी वर होती. टाचा उचलल्या, खुब्यातली कळ गिळली आणि कडी पाडली.

न्हावी आत घुसला, हातात वस्तरा तसाच. त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक, अर्धी दाढी साबणात, गळ्याला टॉवेल. दोघं काही न विचारता फळ्यांना भिडले.

"हळू," न्हावी म्हणाला. "वरची आधी. अहो, वरची, ओढू नका, उचला."

आई टेबलाला धरून उभी होती. खिशात पुन्हा थरथरलं. तिने नुसता खिसा दाखवला.

"आहे," ती शेवटी म्हणाली. "तो आहे."

शेवटची जाड फळी उचलली तेव्हा ठोक्याचं तोंड दिसलं, भुशाने पांढरं, ओठ निळे. एक हात छातीवर दुमडलेला, अंगठा अजून खिशातल्या फोनवर. त्याने श्वास घेतला, तो आत जातच राहिला असं वाटलं. मग त्याने आईला शोधलं.

"मी हरलो नाहीये," तो म्हणाला. आवाज कुठून तरी खोलातून आला. "तेवढंच एक बटण... तड्यामुळे हाताला कळत होतं."

"गप्प बस," आई म्हणाली, आणि टेबल सोडून त्याच्याकडे झेपावली. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने तिला पकडलं. त्याचा साबण तिच्या खांद्याला लागला.

ठोक्याच्या फासळ्या मोडल्या होत्या आणि पाय दोन ठिकाणी. तो बरा झाला. फळ्यांना आता दोरी आहे, सूनबाईने स्वतः बांधलेली, पोस्टाच्या थैल्यांची गाठ मारून. चहाचा नियमही आहे. पण ठोक्याने प्लास्टरमधे असताना त्या तडकलेल्या काचेवर कागदाची पट्टी चिकटवली, बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून, तर आईने नखाने खरवडून ती काढली.

"ते उघडंच राहू दे."

अजून तो खाली कामाला गेला की जुना फोन छातीच्या खिशात घेऊन जातो, तो खिशात घातल्याशिवाय आई त्याला सोडत नाही. मशीन सुरू होते, भांडी कुजबुजतात. पूर्वी तिला त्या आवाजाने धीर येई. आता ती आवाज ऐकत नाही. फोन हातात धरून टीव्हीसमोर ताठ बसते, डोळ्याला डोळा लागू देत नाही, आणि डोंगराच्या मधोमध निळ्या टोपीचा हमाल उभा आहे ना, तेवढं बघत राहते.