काहीच बिघडेना तेव्हा

मी पुठ्ठा बोलतोय. साधासुधा नव्हे, त्या काळच्या टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा दिसलेला चेहरा. दिसायचो तो दुसऱ्याचं काही बिघडलं की, एवढंच! मग मला कॅमेऱ्यापुढे उभं करायचे. अंगावर दोनच शब्द, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. माझं शिक्षणही तेवढंच.

ते शब्द स्टुडिओतल्या पेंटरने रंगवलेले. हात सोन्याचा, जीभ मात्र लांब. सासूबाई पहिल्यांदाच राहायला आल्या, तर हा म्हणतो, "माझं काम रोज टीव्हीवर असतं." सासूबाईंच्या मनात आधीपासून सल, की लेक भिंती रंगवणाऱ्याला दिली. त्या म्हणाल्या, "बघू की. उद्या सकाळी मी निघते, त्याआधी दिसलं म्हणजे झालं."

म्हणजे हातात एकच संध्याकाळ. मायलेकी शेजाऱ्यांकडे टीव्हीपुढे जाऊन बसल्या, आणि इकडे पेंटर माझ्याशेजारी बिघाडाची वाट बघत उभा.

आणि नेमकं त्याच दिवशी काहीच बिघडेना! एरवी शेतीतज्ज्ञांनी तोंड उघडलं की आवाज जायचा. तेवढीच प्रेक्षकांना विश्रांती. त्या दिवशी ते गोगलगायींवर शेवटच्या गोगलगायीपर्यंत बोलले. बालसभेतल्या मुली कविता विसरल्या नाहीत. गायिकेचा माइक किंचाळला नाही. बातम्यांच्या बाईंना साधी शिंक नाही. सगळं सुरळीत चाललंय म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

तो कॅमेरावाल्याच्या कानाला लागला. "अरे, लाव ना ह्याला जरा."

"कशाला? काय बिघडलंय?"

"माझं नशीब!"

"मग त्याची माफी आपण कशाला मागायची?"

शेवटी नाटिका. नायक मरायला टेकलेला, बायकोला जन्माचं गुपित सांगणार, तेवढ्यात पेंटरचा पाय वायरीत अडकला. निदान तो तरी असंच सांगतो. मी समोरच होतो. पायच वायर शोधत गेला होता. चित्र गेलं, मी आलो. वायर जोडेपर्यंत नायक बिचारा मरून मोकळा झाला.

साहेब खवळले, पण माझ्यावर! "हा पुठ्ठाच अपशकुनी. फेका बाहेर." शिकलेली माणसं ती, दोष कुणाला द्यायचा ते त्यांना बरोबर कळतं.

पेंटरने मला काखेत मारून घरी आणलं. तेव्हापासून मी इथंच, खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी. उन्हानं 'क्षमस्व' उडून गेलंय, आता मी नुसताच व्यत्यय. कुणाकडे उरलासुरला रंग असेल तर बघा बुवा.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलंच. सासूबाई निघाल्या होत्या. पेंटरने मला त्यांच्यापुढे धरलं आणि छाती फुगवून विचारलं, "काय, दिसलं ना काल?"

सासूबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "दिसलं हो जावईबापू! अक्षर अगदी मोत्यासारखं. 'हे आमच्या जावयाचं काम' असं सगळ्यांना सांगायला मी मागं वळले, तर मागं कुणीच नाही. सगळी खोली उठून पाणी प्यायला गेलेली, आमच्या लेकीसकट!"