चार नंबरचं कुलूप

पडद्यावर बॅटऱ्यांच्या चार नंबरच्या कंटेनरबाहेर काकांचं लाल कुलूप लटकताना दिसत होतं, म्हणजे काका आत होते. आणि चार नंबरमध्ये धूर झाल्याची घंटा वाजत होती.

तिने धावत जाऊन कंट्रोल रूमच्या भिंतीवरचं पिवळं बटण दाबलं. ते दाबून धरलेलं असेल तोवर आग विझवणारा वायू थांबतो. बोट उचललं की साठ सेकंदांत सुटतो. आगीला तो हवा मिळू देत नाही. माणसालाही नाही.

"काका, बाहेर या! काका, ऐकताय का?" डाव्या हातातल्या वॉकीटॉकीत ती ओरडत होती. पलीकडून नुसती खरखर.

हे डेटा सेंटर दिवसा मागच्या माळावरच्या सोलर पॅनलांवर चालायचं, ऊन उतरलं की पवनचक्क्यांवर. मधली वेळ सांभाळायला बॅटऱ्यांचे सहा कंटेनर बाहेर ओळीने उभे होते. कंट्रोल रूममध्ये बसून त्यांच्यावर नजर ठेवायची, हे तिचं काम. ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही. घरी दीड वर्षाची लेक झोपली की ती तिच्या नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे ना बघायची, पाच मिनिटांनी पुन्हा बघायची. नवरा म्हणायचा, "झोपू दे गं तिला. आणि मलाही."

काका आधी इथल्या डिझेल जनरेटरवर होते. जनरेटर गेले, काका बॅटऱ्यांवर आले. "डिझेल बिघडलं की बोंब मारतं, पोरी," ते म्हणायचे. "या बया तोंडातून शब्द काढत नाहीत आणि एकदम पेटतात." पहिल्याच दिवशी त्यांनी तिला नियम शिकवला होता. आत जाणाऱ्याने आपलं कुलूप दाराशेजारच्या कडीत अडकवायचं, किल्ली खिशात ठेवायची. बाहेर आला की ज्याचं त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. "कुलूप म्हणजे माणूस. ते दिसतंय तोवर आत जीव आहे, एवढं ध्यानात ठेव."

"ताई!" वॉकीटॉकीवर गेटवरचा वॉचमन धापा टाकत होता. "मी दार बडवतोय, आतून काहीच नाही. उघडू का?"

"नको! उघडलंस तर भडका उडेल. मागे हो!"

टेबलावरचा मोबाइल थरथरला. पडद्यावर 'घर'. तिचा हात तिथवर पोहोचेना. फोन थांबला, लगेच पुन्हा थरथरू लागला. सासूबाई उगाच दोनदा फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

भिंतीवरच्या स्पीकरमधून साहेबांचा आवाज आला. "बटण सोडा. पाच नंबर तापायला लागलाय. तो पेटला तर अख्खी ओळ जाईल."

"काका आत आहेत, साहेब."

"उत्तर देतायत का?"

"नाही."

"मग आता..." साहेबांनी वाक्य तिथेच सोडलं. उरलेलं तिने पूर्ण करावं, अशा बेताने.

"कुलूप आहे, साहेब. मी सोडणार नाही."

पाच नंबरच्या तापमानाचा आकडा चढत होता. अंगठा बधिर झाला होता. धुरात माणूस किती वेळ तग धरतो, हे ती मनात मोजायला लागली आणि घाबरून थांबली. घड्याळाकडे नजर गेली. दोन पस्तीस.

रोज अडीचला कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात काका जुन्या शेडकडे जाताना दिसायचे. शेवटचा एक जनरेटर अजून तिथे पडून होता, भंगारवाला यायचा होता. काका त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण ते कुलूप काढल्याशिवाय कसे जातील? तेही काका?

"दादा, जुन्या शेडमध्ये बघ! पळ!" ती वॉचमनला ओरडून म्हणाली.

शेड सगळी पत्र्याची. आत वॉकीटॉकी चालत नाही.

मग कॅमेऱ्यात काका दिसले. पळत आले आणि धूर बघून जागच्या जागी थबकले. खिशात हात घातला, किल्ली बाहेर काढली. त्या किल्लीकडे बघतच राहिले. वॉचमनने आपला वॉकीटॉकी त्यांच्या तोंडाशी धरला.

"पोरी, मी बाहेर आहे. सोड."

अंगठा उचलेना. तिने डाव्या हाताने तो बटणावरून सोडवला. साठ सेकंदांनी वायू सुटला. पाच नंबरचा आकडा थांबला, मग उतरू लागला.

मोबाइल पुन्हा थरथरला. "अगं, हिचा निळा फ्रॉक कुठे ठेवलायस?" सासूबाई म्हणाल्या. "अंगावर सगळं सांडून घेतलंय बाईसाहेबांनी."

"दोरीवर आहे," ती म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसली.

संध्याकाळी साहेबांनी दोघांना बोलावलं. ती घाईने म्हणाली, "साहेब, काका घाईत असतील..."

"तिला मध्ये घेऊ नका," काका म्हणाले. "विसरलो मी. नियम तिने पाळला, मी मोडला. काय ते माझं बघा."

साहेबांनी काकांना त्याच दिवशी कामावरून काढलं. त्यांनी वाद घातला नाही. गेटवर पास परत केला, वॉचमनच्या पाठीवर थाप मारली आणि गेले. किल्ली सवयीने खिशातच राहिली.

चार नंबरचा आता काळा सांगाडा उभा आहे. दाराशेजारच्या कडीत ते कुलूप आहे, रंग उडालेलं, धुराने माखलेलं. काकांच्या जागी आलेल्या माणसाने परवा विचारलं, "मॅडम, तोडून टाकू का ते?"

"नको," ती म्हणाली. "ज्याचं त्यानेच काढायचं असतं."

ज्याचं आहे त्याला गेटच्या आत यायची परवानगी नाही. दुपारी अडीचला ती पडद्यावर आधी शेडचा कोपरा बघते, मग ते कुलूप. उजव्या हाताचा अंगठा आपोआप टेबलावर दाबला जातो, आणि तो उचलायला तिला थोडा वेळ लागतो.